आठवी ओळ

आवाज फार मोठा झाला नाही. ओलं फडकं फरशीवर आपटावं, तेवढाच. पण चौथीच्या वर्गातली एक्केचाळीस मुलं एकदम गप्प झाली आणि बाईंना आधी वाटलं, बाहेर काहीतरी पडलं. शेजारच्या बांधकामावरची एखादी फळी, व्हरांड्यातली कुंडी, काहीतरी. त्यांनी खिडकीकडे वळून पाहिलंसुद्धा. मग उजव्या तळहाताला चुणचुण लागली. समोर एक मुलगी उभी होती आणि तिच्या डाव्या गालावर चार बोटं उमटत होती, आधी पांढरी, मग गुलाबी, मग आतून कुणी रंग भरत असल्यासारखी लालभडक. ती रडत नव्हती. तोंड जरासं उघडं, हातात वही, वहीत खुणेला घातलेलं बोट तसंच. ही मुलगी बोलायला वेळ लावायची, डबा संपवायला वेळ लावायची, म्हणून वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा, आणि या नावावरून बाईंनी वर्गाला दोनदा दटावलं होतं. आता तिच्या गालावर बाईंचीच बोटं होती. ओळखू न यायचा प्रश्नच नव्हता. बाईंची करंगळी लहानपणी मोडून वाकडी जुळली होती, आणि ती गालावरही वाकडीच उमटली होती.

कोडिंग हा विषय त्याच वर्षी वेळापत्रकात आला होता, मंगळवारी आणि शुक्रवारी, चित्रकलेचे तास कापून. एक्केचाळीस मुलांमागे चौदा टॅब्लेट, त्यातले तीन चार्जच न होणारे. म्हणून प्रशिक्षणात यंत्राशिवाय शिकवायचा एक खेळ दिला होता. प्रशिक्षक पोरगेलासा होता, गालाशी माइक लावून सभागृहभर फिरायचा. ‘शिक्षकानं यंत्र व्हायचं,’ तो म्हणाला होता, ‘आणि मुलांनी सूचना द्यायच्या. सांगतील तेवढंच करायचं, आपली अक्कल चालवायची नाही. भिंत आली तर भिंतीवर आपटा. तुम्ही आपण होऊन वळलात तर मुलाला त्याची चूक दिसायची कशी?’ सगळे हसले होते. बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्या खरोखर भिंतीवर आपटल्या, कपाळाला टेंगूळ आलं, मुलं पोट धरून हसली आणि ‘यंत्रबाई’ हे नाव पडलं. घरी जाताना टेंगळावरून बोट फिरवत असताना बाईंना जाणवलं, आपण खूश आहोत. सव्वीस वर्षं त्या ठरवत आल्या होत्या. कुणाला बाहेर सोडायचं, कुणाचं खरं, कुणाचं खोटं, कुणाचं खोडरबर कुणी घेतलं. या अर्ध्या तासात काहीच ठरवायचं नसायचं. उजवीकडे वळ म्हटलं की वळायचं. डोकं रिकाम्या घागरीसारखं गार पडायचं. मंगळवार कधी येतो असं त्यांना व्हायला लागलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती.

त्या शुक्रवारचा गृहपाठ सोपा होता. घरात नेहमी होणारं एक काम, पायऱ्या पाडून लिहा. एकानं बाईंना बुटाची नाडी बांधायला लावली आणि ‘पाय बुटात घाल’ हे सांगायचंच विसरला. एकीनं बिनपाण्याचा चहा करायला लावला. वर्ग खिदळत होता. मग मॉनिटर पुढे आली. दोन घट्ट वेण्या, मोत्यासारखं अक्षर, कधी खाडाखोड नाही. तिच्यामागून गोगलगायीचा नंबर होता म्हणून ती आधीच बाकांच्या मधल्या वाटेत येऊन उभी राहिली होती. मॉनिटरनं वही डोळ्यांसमोर धरली आणि पाढे म्हणावेत तसं वाचायला लागली. एक, दार लाव. बाईंनी दार लावलं. दोन, अंगठी काढ. मुलं हसली. ती अंगठी बाईंच्या आईची, कित्येक वर्षांत बोटातून निघाली नव्हती. पिळून पिळून काढली तेव्हा कातडी सोलवटली. तीन, अंगठी कपाटावर ठेव. ठेवली. चार, तीन पावलं पुढे जा. पाच, उजवा हात वर. सहा, हात मागे. सात, हात जोरात पुढे. तीन पावलांवर कोण आहे ते मॉनिटरनं बघितलंच नव्हतं, ती वहीत बघत होती. ती पावलं या वर्गातली नव्हतीच. पण बाईंनी बघितलं होतं. हात मागे गेला तेव्हा गोगलगायीचा चेहरा बाईंना स्वच्छ दिसत होता, ओठाच्या कडेला लागलेली शाईसुद्धा. तेवढ्यात थांबायला वेळ होता. अर्ध्या सेकंदाचा म्हणा, पण होता. आणि हात गेला. नुसता गेला नाही, खांद्यापासून, सगळ्या अंगाचं वजन घेऊन गेला.

मॉनिटरनं मान वर केली. तिचं बोट वहीत पुढच्या ओळीवर होतं. ओठ हलले, मिटले. मग तिनं वही बंद केली आणि पोटाशी धरली. पुढचं बाईंना तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. कुणीतरी दार उघडलं, कुणीतरी मोठ्या बाईंना बोलवायला धावलं, शिपाई ओला रुमाल घेऊन आला. आपण खुर्चीत बसून मुलांच्या वह्या गोळा करून एकावर एक रचतो आहोत, कडा जुळवतो आहोत, हे बाईंना दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाचं बघावं तसं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, “तब्येत बरी नव्हती का? साखरबिखर?”

“नाही.”

“मग काहीतरी सांग ना मला. सोमवारी पालक समिती बसणार. तिथं मी काय सांगू, खेळात मारलं?”

“मारलं, एवढंच सांगा.”

बाहेर शिक्षकखोलीत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, ‘गोगलगाय अन् पोटात पाय.’ ते पोरीबद्दल नव्हतं, बाईंबद्दल होतं. सव्वीस वर्षांत बाईंनी एका मुलाला चिमटासुद्धा काढला नव्हता. पट्टी हातात धरली की रेघ मारण्यापुरती. दंगा करणाऱ्या वर्गावर बाकीचे लोक डाफरायचे, या नुसत्या उभ्या राहायच्या, आणि वर्ग आपोआप शांत व्हायचा. लोकांना ते कौशल्य वाटायचं. ते कौशल्य नव्हतं. बाईंना हाताची भीती होती, स्वतःच्या. कुत्रा पाळलेल्यानं साखळी आखूड धरावी तशी त्यांनी ती इतकी वर्षं धरली होती.

शाळा सुटल्यावर त्या थेट गोगलगायीच्या घरी निघाल्या. चौकात दोन माणसं मारामारी करत होती. एकाची गाडी दुसऱ्याला घासली होती एवढंच, पण घासलेला हेल्मेट उलटं धरून दुसऱ्याच्या तोंडावर हाणत होता, एक, दोन, तीन, आणि पडलेल्याच्या नाकातून रक्त डांबरावर ठिपकत होतं. माणसं बघत उभी होती. बाईही उभ्या राहिल्या. रोजच्या त्या असत्या तर मान फिरवून पलीकडे गेल्या असत्या. आज त्या मारणाऱ्याच्या खांद्याकडे बघत होत्या. मार खांद्यातून येतो, मनगटातून नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला हे माहीत आहे याची त्यांना किळस आली.

गोगलगायीचे वडील काचा बसवायचे. घरातच धंदा होता, पुढच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या काचा, प्रत्येकीत बाईंचा एक एक तुकडा. वडिलांनी हात पुसत स्टूल पुढे केलं. “बसा बाई. पोरगी सांगत होती. अहो, शिकवताना एखादी बसतेच. आम्ही काय कमी खाल्ली?”

“तिचं काही चुकलं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “मी माफी मागायला आले आहे.”

“माफी कसली! तुम्ही मोठी माणसं. चुकली की हाणा, माझी ना नाही.”

हे वाक्य हेल्मेटसारखं लागलं. आतल्या दारात मुलगी येऊन उभी राहिली होती. गालाला काहीतरी पांढरं मलम फासलं होतं. बाई उठल्या, तिच्या उंचीला वाकल्या आणि म्हणाल्या, “मी तुला मारायला नको होतं. माझं चुकलं.” मुलगी आपल्या संथ आवाजात म्हणाली, “बाई, माझी पाळी राहिली.”

“कसली पाळी?”

“कमांड द्यायची.”

वडील हसले. बाई सरळ उभ्या राहिल्या. “दे,” त्या म्हणाल्या.

“एक पाऊल मागे,” मुलगी म्हणाली. बाई मागे सरल्या. “अजून एक. अजून एक.” पाठीमागे काचा होत्या, समोरच्या काचेत बाईंना ते दिसत होतं, पण त्या आपण होऊन वळल्या नाहीत. “डावीकडे वळ. दोन पावलं. पायरी उतर.” आता त्या रस्त्यावर होत्या. मुलगी दारापर्यंत आली, तिनं बाईंकडे नीट बघितलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. वडील आत रागावत होते, पण दार उघडलं नाही. बाईंना वाटलं, आज दिवसभरात एवढीच एक गोष्ट रीतसर झाली.

घरी नाना होते. बाईंचे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे, गणिताचे निवृत्त मास्तर. तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती. दिवसा शेजारच्या मावशी बघायच्या, बाकी सगळं बाईंकडे. गार पडलेला तो उजवा हात उचलून धुवायचा, पुसायचा, परत उशीवर ठेवायचा. हाच तो हात. पाढे चुकले की लाकडी पट्टी आडवी नाही, उभी, धारेनं, बोटांच्या पेरांवर. एकोणीसचा पाढा. एकोणीस सक्क्याला बाई अडकायच्याच, आणि अडकायच्या आधीच बोटं आखडायची. करंगळी मोडली तेव्हा नऊ वर्षं पूर्ण झाली नव्हती. डॉक्टरला ‘दारात सापडली’ असं सांगितलं, आईनंच. पण त्याहून आतलं एक होतं. मारून झालं की नाना बाजूला बसायचे आणि मुलीच्या सगळ्या पेन्सिलींना टोक करून द्यायचे. एकेक पेन्सिल, ब्लेडनं, सुईसारखं टोक, सालपटं कागदावर नीट गोळा करून. एक शब्द बोलायचे नाहीत. सुजलेल्या बोटांनी ती त्या पेन्सिली डब्यात ठेवायची, आणि तिला त्या वेळी वडिलांवर इतकी माया यायची की गुदमरल्यासारखं व्हायचं. तो गुदमरलेपणा चाळीस वर्षं झाली तरी गेला नव्हता. दप्तरात, नोकरीत, न झालेल्या लग्नात, सगळीकडे तो बरोबर आला होता.

शनिवारी सकाळी त्या नानांची नखं कापत होत्या. अंगठा, पहिलं बोट, मधलं. करंगळीवर आल्यावर त्यांनी नेलकटर खाली ठेवलं आणि ती करंगळी मागे वाकवली. थोडी. अजून थोडी. त्या बाजूला संवेदना उरली नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण नानांच्या घशातून ‘अं’ असा आवाज आला आणि त्यांनी मान वळवून मुलीकडे बघितलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. या दिवसाची वाटच बघत असल्यासारखी ती नजर होती. बाईंनी बोट सोडलं. मोरीत जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत घासले. शुक्रवारपासून त्या स्वतःला सांगत होत्या, मी यंत्र झाले होते, सांगितलं ते केलं. आता इथं कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. आणि खरं बोलायचं तर शुक्रवारी हाताला बरं वाटलं होतं. अवघडलेला पाय मोकळा केल्यावर वाटतं तसं.

दुपारी त्यांनी वह्या काढल्या. काम होतं, ते करायचं, एवढ्याच विचारानं. दात घासणे. चहा करणे. कुत्र्याला फिरवणे. चौतिसावी वही मॉनिटरची. वर मधोमध शीर्षक, खाली दुहेरी रेघ: ‘शिस्त लावणे’. एक ते सात बाईंना पाठ होतं. त्यांची नजर पुढे गेली. ‘८. रडायचं थांबेपर्यंत ५, ६, ७ परत परत कर. ९. अंगठी घाल. १०. दूध गरम कर. ११. दूध दे.’ एकही खाडाखोड नाही. ‘थांबेपर्यंत’ हा धडा मंगळवारीच झाला होता. एखादी गोष्ट होत नाही तोवर त्याच ओळी पुन्हा पुन्हा करायच्या, याला लूप म्हणतात, बाईंनीच फळ्यावर लिहिलं होतं आणि टाळ्या वाजवून दाखवलं होतं. तिनं धडा बरोबर उचलला होता. घरात नेहमी होणारं एक काम, पायऱ्या पाडून. अंगठी का काढायची? कारण अंगठीनं कातडी फाटते, खूण राहते. दार का लावायचं हे तर कुणालाही कळेल. बाई ते पान धरून बसल्या आणि त्यांच्या दातांत कळ आली, इतके ते घट्ट आवळले गेले होते. त्यांना मारावंसं वाटत होतं. कुणाला ते नीट कळत नव्हतं, पण आता, इथं, कुणाला तरी, मऊ काहीतरी हाताखाली फुटेपर्यंत. पलीकडच्या खोलीत नाना खोकत होते.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी मॉनिटर त्यांची वाट बघत होती. “बाई, माझी वही?”

“वाचली मी.”

तिनं खाली वाकून मोज्याची सुरकुती सारखी केली. “ते खोटं खोटं लिहिलंय. गोष्टीसारखं.”

“बरं.”

“आईला देऊ नका.” मग मोठ्या माणसांसारखं, “तिला कामाचा ताण असतो.”

मॉनिटरची आई पालक समितीची अध्यक्ष होती. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते चौदा टॅब्लेट तिच्याच खटपटीनं आले होते, कोडिंगचा तास चौथीपासून नको, पहिलीपासून हवा म्हणून ती हट्ट धरून बसली होती. बाईंनी वहीचं पान आधी मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं, आणि वही उपडी ठेवली. “मुलांच्या डोक्यात काय काय येतं. टीव्हीवर बघतात.”

“टीव्हीवर दूध देतात का नंतर?”

“हे बघ,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मैत्रिणीचा झाला, “तुझ्या भल्याचं सांगते. आज तू हे काढलंस तर लोक काय म्हणतील? मारलं स्वतः, आणि सुटायला दुसऱ्याच्या आईवर ढकललं. तेही नऊ वर्षांच्या पोरीच्या वहीवरून. तुझीही शोभा होईल आणि तिचीही.”

यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. बैठकीत सातजण होते. मॉनिटरची आई टेबलाच्या टोकाला, साधे कपडे, बारीक आवाज, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेऊन बोलायची पद्धत. तिच्या उजव्या हातात अंगठी होती, सैल, बोलताना ती अंगठ्यानं फिरवायची. “मुलांवर हात उचलणं कुठल्याही कारणानं समर्थनीय नाही,” ती म्हणाली. “मला एवढंच समजून घ्यायचं आहे, त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?” ती खरंच विचारत होती. त्या चेहऱ्यावर ढोंग नव्हतं. बाईंना वाटलं होतं ढोंग दिसेल, मग राग धरायला सोपं जाईल. टेबलावर काचेचा जाड पेपरवेट होता. तो उचलायचा, खांद्यातून, तीन पावलं. बाईंनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले, लहान मुलं बसतात तसे.

“काही नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही.”

“पण सूचना मुलीनं दिली होती ना?” एकजण म्हणाला. त्याला मदतच करायची होती.

“मुलीनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. मारलं मी.” त्यांनी कागद मागून घेतला आणि तेच लिहून खाली सही केली. सहा महिने वर्गाबाहेर, चौकशी, मग ठरेल ते. मॉनिटरची आई हळूच म्हणाली, “तुम्ही प्रामाणिकपणे बोललात, मला आदर वाटतो.” सही वाळल्यावर बाई उठल्या, पिशवीत वही आहे का ते चाचपून पाहिलं आणि शाळेबाहेर पडल्या. आता त्यांच्याकडे वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तेव्हा हे पान स्वतःला वाचवायला आणलं असं म्हणायची कुणाची सोय नव्हती.

बालसंरक्षण कार्यालय एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. बाकावर दीड तास बसावं लागलं. मोज्याची सुरकुती सारखी करणारे हात बाईंना सारखे दिसत होते, ‘आईला देऊ नका’. आपण तिचा विश्वास मोडतो आहोत. ती घरातून जाईल, कदाचित आयुष्यभर आपला द्वेष करेल, आणि दुधाच्या त्या पेल्यासाठी रडेल. हे सगळं बाईंना आपल्या नावासारखं ठाऊक होतं. दोनदा त्या उठल्या आणि दोनदा परत बसल्या. अधिकारी बाई वयानं लहान होती, चेहरा दमलेला. तिनं पान वाचलं, बाईंचं नाव-गाव लिहून घेतलं, आणि बाईंनी स्वतः काय केलं तेही लिहून घेतलं, कारण बाईंनी सुरुवात तिथूनच केली.

“मुलगी स्वतः म्हणते, खोटं लिहिलं.”

“हो.”

“आईविरुद्ध तक्रार एकही नाही. शेजाऱ्यांची नाही. अंगावर खूण?”

“नसणार. खूण राहू नये याची काळजी दुसऱ्या ओळीत आहे.”

“मूल रचून लिहू शकतं, बाई. आमच्याकडे अशी प्रकरणं येतात.”

“मारणं रचता येतं,” बाई म्हणाल्या. “दूध रचता येत नाही. नुसतं रचलेलं असतं तर मुलगी आठव्या ओळीवरच थांबली असती.” मग त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला, करंगळी पुढे करून, आणि पेन्सिलींची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा, अनोळखी बाईला, ट्यूबलाइटखाली, पाच मिनिटांत. अधिकारी बाईनं एक नवी फाइल काढली आणि तिच्यावर तारीख घातली.

पुढचं बाईंना तुटक तुटक कळत गेलं. कार्यालयातल्या दोन बायका मॉनिटरच्या घरी गेल्या. मुलगी तीन भेटींत काही बोलली नाही, चौथ्या भेटीत बोलली आणि बोलायची थांबेना. तिला तिच्या सख्ख्या मावशीकडे ठेवलं. आईला समुपदेशनाला जावं लागे, आणि रविवारी दोन तास, तिसऱ्या माणसासमोर, मुलीला भेटता येई. शाळेत बाईंचं नाव निघेनासं झालं. तिथं नवीन शिक्षिका आली, कोडिंगचा तास चालूच राहिला. गोगलगाय एकदा भाजीच्या दुकानाशी दिसली. तिनं बाईंकडे बघितलं आणि आईच्या पलीकडच्या बाजूला गेली.

अडीच महिन्यांनी एका दुपारी दाराची घंटा वाजली. मॉनिटरची आई होती. केस नीट विंचरलेले, चेहरा मात्र ओळखू येऊ नये इतका उतरलेला. बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, ही मारायला आली आहे. मारू दे. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि हात बाजूला सोडून उभ्या राहिल्या.

“आत या.”

“नको.” ती जिन्याच्या पायरीवरच बसली, चढून आल्यावर दम लागावा तशी. “तुम्हीही मारलंत. दुसऱ्या कुणाला नाही तरी तुम्हाला कळायला हवं होतं.”

“कळलं म्हणूनच गेले मी.”

आतून नानांनी हाक मारली, शब्द नसलेली. बाईंनी ‘आले’ म्हटलं, पण त्या हलल्या नाहीत.

“मला शिव्या द्यायच्या होत्या तुम्हाला,” ती म्हणाली. “रोज ठरवायचे. इथवर आले आणि आता वेगळंच विचारावंसं वाटतंय. समुपदेशनात मला सगळे विचारतात, तुम्ही सुरुवात का करता. थांबायचं कसं ते कुणी सांगत नाही. मी दर वेळी ठरवते की एकच. एकच, आणि मग दार उघडायचं. होत नाही. तुम्ही एकावर थांबलात. कशा थांबलात?”

बाई तिच्या वरच्या पायरीवर बसल्या. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सव्वीस वर्षांची सवय, मुलीचा चेहरा, सद्‌बुद्धी. ही बाई ते सगळं लिहून घेतल्यासारखं ऐकेल आणि घरी जाऊन करून बघेल. त्यांनी डोळे मिटले आणि तो वर्ग पुन्हा समोर आणला. चार बोटं उमटत होती, मुलं गप्प होती. आणि आपला हात कुठे होता? हे त्यांनी आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. खिडकीकडे बघितलं तेव्हा हात खाली नव्हता.

“मी थांबले नाही,” त्या म्हणाल्या. “माझा हात परत वर गेला होता. मागे गेला होता. पुढची सूचना यायची वाट बघत होता. आली असती तर मी परत मारलं असतं, आणि परत. तुमच्या मुलीचं बोट आठव्या ओळीवर होतं. तिनं वर बघितलं, आणि ती ओळ वाचली नाही.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुलूप लावत होतं. मॉनिटरच्या आईनं मागे वळून बाईंकडे पाहिलं.

“तिनं वही मिटली,” बाई म्हणाल्या. “आपल्या दोघींत तेवढं कुणाला जमलं नाही.”